पावसाळ्यात सायकलची चेन कुरकुरते, गिअर घसरतो. घरच्या घरी काय करता येईल? तेल कुठलं घालावं?

तुम्ही लिहिलंय की घरातले सगळे सांगतात, "तेल सोड, आवाज जाईल." आणि दर रविवारी तेल सोडूनही सोमवारी ऑफिसला जाताना चेन पुन्हा कुरकुरते. कुरकुरणारच. तेल कमी पडतंय असं नाही, ते मळावर पडतंय. या एकाच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या धाकट्या दिरांचं कित्येक वर्षं वाजतंय, म्हणून उत्तर लांबेल.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही भावजींकडे विश्रामबागेत जाऊन राहिलो होतो. निघताना गाद्या माळ्यावर चढवल्या, टीव्ही चढवला, कागदपत्रं पिशवीत घेतली. सायकल कुणाच्या लक्षात राहते? ती खाली बोळात, जिन्याच्या कठड्याला कुलूप घालून उभी होती. परत आलो तेव्हा तिच्या नळ्यांतून चिखल गळत होता. काळी लेडीज सायकल, माहेरून आलेली, बँकेत मी तीवरूनच जायचे. घरच्यांनी तिला मनातल्या मनात भंगारात काढलंच होतं.

भावजी मदतीला आले. (माणूस अडीअडचणीला पहिला धावतो, हे आधीच सांगते.) येताना स्कूटरचं काढलेलं काळं ऑइल बाटलीत भरून आणलं होतं. ती बाटली त्यांच्याकडे कायम असते. गेटची बिजागरी, दुकानाचं शटर, कुलूप, जे जे हलतं त्याला ते पाजतात. सायकलवर त्यांनी बादलीभर पाणी मारलं, चेनवर ऑइलची धार सोडली, दोन्ही चाकांच्या नटांवर थोडं ओतलं, पायडल उलटं फिरवलं आणि म्हणाले, "झालं वहिनी, पळवा आता."

पळवली. मारुती चौकात पोचेपर्यंत पायडलखालून जात्यात वाळू दळल्यासारखा आवाज यायला लागला.

खणभागातल्या आमच्या नेहमीच्या सायकलवाल्या मामांकडे गेले, तर त्यांचंच दुकान पाण्यात गेलेलं. ते पोत्यावर सुटे भाग वाळत घालून बसले होते. म्हणाले, "महिनाभर तुमच्या सायकलला हात लागायचा नाही. घरीच उघडा. फक्त तेल सगळ्यात शेवटी, हे ध्यानात ठेवा." कोन (चाकाच्या आसावरचा, बेअरिंग धरून ठेवणारा शंकूसारखा नट) सोडवायचा पातळ पानाही त्यांनीच दिला, चिखल पुसून. पायडलचे दांडे आसाला धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना तेवढ्या तिथल्या तिथे काढून दिल्या. ते काम मी करत नाही. गंजलेली पिन हातोडीनं काढताना आटे गेले की ती बाहेरही येत नाही आणि आतही बसत नाही.

सुट्टीच्या दिवशी गच्चीवर जुनी चादर अंथरली. रॉकेल मिळेना, म्हणून डिझेल आणलं. पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या नळीत) दोन्ही बाजूंना बेअरिंगचे दहा-दहा बारके छर्रे, मागच्यात नऊ-नऊ मोठे. ग्रीसचा पत्ता नव्हता, नुसता राखाडी लगदा. आणि भावजींचं ऑइल कुठे होतं? वरच्या वर, नटापाशी, चिखलात कालवलेलं. आत एक थेंब गेला नव्हता. मी तिथूनच फोन लावून त्यांना सांगितलं. म्हणाले, "मुरतं हळूहळू." चिखलाच्या बुचातून काय मुरणार, डोंबल?

छर्रे चहाच्या जुन्या गाळणीत घालून डिझेलमध्ये खळबळले. ज्यांना खड्डे पडले होते त्यांच्याबरोबर बाकीचेही टाकून दिले. असे एक-दोन छर्रे बदलू नयेत, पूर्ण संच घ्यावा, फार महाग नसतो. हबच्या टोकाला छर्ऱ्यांसाठी असलेल्या वाटीत ग्रीस भरायचं, त्यात छर्रे बसवायचे, कोन हातानं पूर्ण आवळून किंचित मागे घ्यायचा आणि मग वरचा नट कसायचा. बरोबर जमलंय का ते बघायला चाक उचलून धरायचं. हवेचा वॉल्व स्वतःच्या वजनानं खाली येऊन थांबला पाहिजे, आणि रीम धरून आडवी हलवली तर खडखड यायला नको. फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रात, मात्र ग्रीस भरू नका. आतली कुत्री, म्हणजे दातांत अडकणारे बारके खटके, ग्रीसमध्ये चिकटतात आणि पायडल मोकळंच फिरतं. तिथे पातळ तेल.

गणपतीत भावजी जेवायला आले तेव्हा सायकल दारातच होती. त्यांनी चेनवर बोट फिरवलं. "कोरडी आहे वहिनी. तेल घाला." बोट काळं झालं नव्हतं, ते काही त्यांनी बघितलं नाही. वर आणखी, "हे मिस्त्रीचं काम. बाईमाणसानं हात कशाला काळे करायचे?" बाटली घेऊन फिरणाऱ्यानं काळ्या हातांबद्दल बोलावं!

आता तुमची चेन. तेल लागतं ते आत, चेनच्या पिना आणि त्यांच्यावर फिरणाऱ्या बारक्या नळ्या म्हणजे रोलर यांच्या मध्ये. बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेलं तेल फक्त रस्त्यावरची माती गोळा करतं आणि तो काळा चिकट थर दात घासून खातो. म्हणून आधी जुना ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन चेन धुवा, कोरडी पुसा, वाळू द्या. मग एकेका रोलरवर एकेक थेंब. पायडल उलटं फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, आणि फडक्यानं बाहेरून पुसून काढा. अगदी निष्ठुरपणे. चेन कोरडी दिसली पाहिजे. भावजी, वाचताय ना?

तेलात सायकलच्या चेनचं मिळतं ते घ्या, पावसाळ्यात 'वेट' लिहिलेलं. ते जरा चिकट असतं, पावसात लवकर धुऊन जात नाही. शिलाई मशीनचं तेल पहिल्या मोठ्या सरीपर्यंत टिकतं. खोबरेल घट्ट होऊन चिकटून बसतं. काढलेल्या इंजिन ऑइलमध्ये इंजिनची काजळी आणि धातूची भुकटी असते, ती विकत न घेता चेनमध्ये भरायची हौस असेल तर तुमची मर्जी. डब्ल्यूडी-४० मारणारेही बरेच असतात. ते १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवायला आणि गंज थोपवायला तयार झालं आणि आधी अ‍ॅटलास नावाच्या क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर वापरलं गेलं. आपल्या सोनीपतच्या अ‍ॅटलास सायकलशी त्याचं काही नातं नाही. गंजलेला नट सोडवायला उत्तम, पण चेनला तेल म्हणून तेवढ्यावर भागत नाही.

गिअर घसरतो त्याला तेल जबाबदार नसावं. चेन मोजा. स्टीलची फूटपट्टी एका पिनच्या बरोबर मध्यावर लावा, नव्या चेनमध्ये ती पिन सोडून पुढची चोविसावी पिन बारा इंचांवरच येते. १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ गेली असेल तर मागचे दातेही गेलेत, नुसती नवी चेन टाकलीत तर ती आणखी उड्या मारेल. दुकानदार सगळंच बदला म्हणाला तर पट्टी खिशात असू द्या. माप ठीक निघालं तर गिअरच्या केबलकडे बघा. पावसात ती आवरणात गंजून जड होते. मागच्या गिअरपाशी केबल जिथे शिरते तिथला प्लॅस्टिकचा गोल नट अर्धा फेरा फिरवून बघा, बाकीचे स्क्रू उगाच पिळू नका.

सर्व्हिसिंग किती दिवसांनी, असंही विचारलंय. आमच्याकडे मृगाच्या आधी एकदा आणि खंडेनवमीला एकदा सगळी उघडायची. मधल्या दिवसांत पावसातून आलं की चेन पुसायची. ऑफिसला रोज जाता, एवढं होईल.

राहिलेलं एवढंच. नव्या सायकलींत बंद बेअरिंग असतात, ती माझ्यासारखी छर्रे शोधायला उघडू नका. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ताकद लावण्याआधी आठवा. धुतानाची फवाऱ्याची धार हबवर धरू नका. आणि डिस्क ब्रेक असतील तर तेल लावताना डिस्कवर फडकं गुंडाळा, स्प्रे तर जवळ आणूच नका. पॅड तेल पितात, मग ब्रेक किंचाळतो पण लागत नाही. भावजींच्या नातवाच्या सायकलचं हेच झालं. चेनसाठी सोडलेली धार डिस्कवर. पॅड घासून पाहिले, काही उपयोग झाला नाही, शेवटी नवेच घातले. डिस्क स्पिरिटनं पुसली. ते सगळं मी केलं, आमच्याच गच्चीवर, आणि भावजी पाना हातात द्यायला बसले होते.