चकली मऊ का पडते, दूध तळाला का लागतं

कोजागरीपासून रथसप्तमीपर्यंत सोसायटीत, घरात, ऑफिसात जे जे मिळून साजरं होतं, त्याबद्दलची पत्रं या वेळी जास्त आली. एकाच विषयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीला ६० माणसं जमतात. गेल्या वर्षी दूध तळाला लागलं आणि करपल्याचा वास सगळ्या दुधाला आला. शिवाय दूध किती आणायचं याचा अंदाज दर वर्षी चुकतो. (सांस्कृतिक समितीचे सभासद, डोंबिवली)

उत्तर: माणशी १५० मिली धरा. एक कप १२० मिलीचा, वर थोडं दुसऱ्यांदा घेणाऱ्यांसाठी. म्हणजे तयार दूध ९ लिटर लागेल. त्यासाठी १० लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध आटवून आठ-सव्वाआठ लिटरवर आणायचं. साखर आणि मसाला पडला की माप भरतं. यापेक्षा जास्त आटवू नका, बासुंदी करायची नाहीये. दाट झालं की लोक अर्धा कप पिऊन ठेवून देतात.

साखर ७०० ग्रॅम. मसाल्यासाठी बदाम १५० ग्रॅम, काजू १००, पिस्ते १००, सोललेली वेलची १५ ग्रॅम, अर्धं जायफळ आणि १ ग्रॅम केशर. सुकामेवा किंचित गरम करून, पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो आणि तो दुधात नीट मिसळत नाही. जायफळ याहून वाढवू नका, कडवट लागतं.

आता तळाला लागण्याबद्दल. दुधातला घन भाग गरम तळावर बसतो आणि तिथेच करपतो. पातेलं जाड बुडाचं घ्या, आत थोडं पाणी फिरवून ओतून द्या आणि न पुसता त्यात दूध घाला. १० लिटरचं एकच पातेलं घरगुती शेगडीवर ठेवण्यापेक्षा ५-५ लिटरची दोन ठेवा: लवकर आटतं आणि उलथनं तळापर्यंत पोचतं. पळीने वरवर ढवळून उपयोग नाही, सपाट उलथन्याने तळ खरवडत राहायचं. साखर सगळ्यात शेवटी, कारण साखर पडल्यावर दूध जास्त लवकर लागतं. मसाला गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी. एवढं करूनही लागलंच, तर तळ अजिबात न खरवडता वरचं दूध लगेच दुसऱ्या पातेल्यात ओता; वास त्या थरातून पसरतो.

घरोघरचं दूध गोळा करून एकत्र तापवू नका. एका घरचं किंचित उतरलेलं असेल तर दहाही लिटर नासतं. प्रत्येक पिशवीतलं अर्धी वाटी दूध आधी उकळून बघावं. आणि सगळं दूध रात्री ८ पासून १२ पर्यंत चांदण्यात उघडं ठेवायची गरज नाही. कोमट दूध चार तासांत बिघडू शकतं, वर चिलटं पडतात ती वेगळीच. नैवेद्याची वाटी चंद्राला दाखवा, बाकीचं थर्मास जारमध्ये गरम राहू द्या. कोजागरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली तर परतीचा पाऊस गाठतोच, तेव्हा खालचा हॉल किंवा पार्किंग आधी सांगून ठेवलेलं बरं.

प्रश्न: चकली तळल्यावर कुरकुरीत असते, दुसऱ्या दिवशी मऊ. मोहन वाढवलं तर तेलात विरघळते. नेमकं चुकतं कुठे? (तीन वाचकांची पत्रं: सातारा, इंदूर, बेळगाव)

उत्तर: तिघांच्याही वर्णनात चूक आचेची दिसते, मोहनाची (पिठात घालायच्या तेलाची) नाही. तेल फार तापलेलं असलं की चकलीला बाहेरून पटकन रंग येतो आणि आपण ती काढतो. आत पाणी तसंच राहतं, रात्रभरात ते बाहेर सरकतं आणि चकली मऊ पडते. चकली सोडताना तेल चांगलं तापलेलं हवं, नंतर आच मध्यमपेक्षा कमी. तेलातले बुडबुडे हीच खूण धरा: ते म्हणजे चकलीतल्या पाण्याची वाफ. बुडबुडे जवळजवळ थांबल्याशिवाय चकली काढायची नाही, रंग आलेला असला तरी. एका घाण्यात चार-पाचच घाला, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका.

भाजणीचं नेहमीचं प्रमाण असं: ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभराडाळ, १ वाटी उडीदडाळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाव वाटी धने, २ चमचे जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन, सावलीत वाळवून, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. २ वाट्या भाजणीला पावणेदोन वाट्या पाणी आणि ४ चहाचे चमचे तेल. पाणी, तेल, तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ एकत्र उकळून गॅस बंद करा, भाजणी घालून ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मळताना एका वेळी एका सोऱ्यापुरताच गोळा घ्या.

मोहन जास्त झालं तर चकली विरघळते. उरलेल्या पिठात मूठभर कोरडी भाजणी मळून घ्या. मोहन कमी पडलं तर कडक होते. पाडताना तुटत असेल तर पीठ कोरडं किंवा गार पडलंय, कोमट पाण्याचा हात लावून मळा. काटा येत नसेल तर पीठ सैल आहे. आधीच मऊ पडलेल्या चकल्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर १०-१५ मिनिटं ठेवल्या की सुधारतात. पुन्हा तळायच्या भानगडीत पडू नका, तेलकट होतात.

प्रश्न: अनारसे हसतात. (एका ओळीचं पत्र, जळगाव)

उत्तर: हसतात म्हणजे तुपात सोडल्यावर पसरून विरतात. गूळ जास्त झालाय किंवा पीठ ओलं आहे. तांदूळ तीन दिवस भिजवून (पाणी रोज बदलून) कपड्यावर पसरायचे ते हाताला दमट लागेपर्यंतच. त्याहून ओले दळले तर गूळ पाझरतो. १ किलो तांदळाला पाऊण किलो गूळ पुरे. आता हसणाऱ्या पिठात बाजूला ठेवलेली तांदळाची कोरडी पिठी थोडी थोडी मिसळा आणि दर वेळी एकच अनारसा तळून बघा. तुपाची आच मंद, खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने तूप उडवत राहायचं.

प्रश्न: मुलीला परदेशी फराळ पाठवते. पोचेपर्यंत चकल्यांचा चुरा आणि चिवड्याला खवट वास. (पुणे)

उत्तर: खवट वास शिळ्या तेलाचा. पाठवायचा फराळ पहिल्या, ताज्या तेलात तळा आणि चिवड्यात खोबऱ्याचे काप घालू नका, आधी तेच खवट होतात. चकल्या उभ्या, एकमेकींना टेकवून गोल डब्यात लावा आणि उरलेल्या जागेत बटर पेपर दाबून भरा. हलायला जागा राहिली की चुरा ठरलेला. शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू प्रवासाला सगळ्यात भक्कम. खव्याचं काही पाठवू नका: टिकतही नाही आणि दुधाचे पदार्थ कित्येक देशांच्या कस्टममध्ये अडतात. पार्सल दिवाळीच्या तीन आठवडे आधी निघालेलं बरं.

प्रश्न: ऑफिसात डिसेंबरमध्ये ४० जणांचं एकत्र जेवण ठरवायचंय. गेल्या वर्षी निम्म्या जणांनी काही खाल्लंच नाही. दिवस आणि बेत कसा ठरवावा? (ठाणे)

उत्तर: पत्रात लिहिलंय की जेवण गुरुवारी होतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अनेकींचा महालक्ष्मीचा उपास असतो आणि तो संध्याकाळी सुटतो. दुपारी एकला बिर्याणी आली तर त्या काय खाणार? काही घरांत तर मार्गशीर्ष महिनाभर मांसाहार नसतो. चातुर्मास पाळणारे काही जण कांदा, लसूण, वांगं थेट चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावरच खातात. म्हणून आधी कॅलेंडर उघडा: गुरुवार, एकादशी, संकष्टी टाळा. सोमवार-मंगळवारही बऱ्याच जणांचे पाळायचे वार असतात. उरतो तो बुधवार किंवा शुक्रवार.

बेताचा पाया शाकाहारी ठेवा आणि त्यातला एक रस्सा, एक कोरडी भाजी कांदा-लसूण-बटाट्याशिवाय असू द्या, म्हणजे जैन सहकाऱ्यांची वेगळी थाळी मागवावी लागत नाही. मांसाहारी पदार्थ वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावांसह. प्रत्येक भांड्यापुढे चिठ्ठी लावा. शेंगदाणे आणि काजू कशाकशात आहेत ते तीत जरूर लिहा. काजू वाटून घातलेली ग्रेव्ही बघून ओळखता येत नाही. नाताळचा केक असेल तर अंडं आहे का, आणि सुकामेवा रममध्ये भिजवलेला आहे का, हे बेकरीला विचारून तेही लिहा. गोव्याच्या सहकाऱ्यांनी घरचं कुसवार (नाताळचा फराळ) आणलं, तर दोदोल आणि नेवऱ्या बहुतेक सगळ्यांना चालतात. बेबिंकात अंड्याचे बलक असतात.

वर्गणीबद्दल विचारलं नव्हतं, तरी सांगतो: सफाई कर्मचारी आणि सुरक्षारक्षकांना जेवायला बोलवा, वर्गणी मागू नका. भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या काढणार असाल तर कमाल रक्कम आधीच जाहीर करा.

प्रश्न: २५ मित्रमंडळींना शेतावर हुरड्याला न्यायचंय. कधी जावं, काय काय लागेल? (सोलापूर)

उत्तर: रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली असते, त्यामुळे डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ. पण तारीख माणसांच्या सोयीने नाही, कणसाच्या सोयीने ठरवावी लागते. दाण्यावर नख दाबा. दूध उडालं तर कोवळा आहे, भाजल्यावर लगदा होईल. नख उमटलंच नाही तर निब्बर झाला. नख रुतावं आणि दूध येऊ नये, अशी वेळ एका शेतात जेमतेम ८-१० दिवस असते. शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवा. दोन टप्प्यांत पेरलं असेल तर मुदत वाढते. भाकरीच्या ज्वारीचा हुरडा होतो, पण गूळभेंडी, सुरती यांची गोडी वेगळी. फुले मधुर हा वाण तर खास हुरड्यासाठीच काढलेला आहे.

माणशी २०० ग्रॅम धरून ५ किलो हुरडा लागेल. सौदा सोललेल्या हुरड्याच्या वजनावर करा, कणसांच्या नाही. एका आगटीभोवती १०-१२ माणसं नीट बसतात, म्हणून दोन आगट्या. हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या. पेटवायला रॉकेल वापरू नका, वास दाण्याला धरतो. गोवऱ्यांचा पूर्ण इंगळ झाला की कणसं आरात खुपसायची, जाळावर नाही. जाळावर कूस जळते आणि दाणा कच्चा राहतो. दोन-तीन मिनिटांनी काढून हातावर चोळायचं आणि सुपात पाखडायचं. गार हुरडा वातड लागतो, त्यामुळे भाजणारे दोघं आणि चोळणारे दोघं आगटीपाशी सतत हवेत.

सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, दही, शेव, बोरं, ऊस. सकाळी ९ ला सुरू करा आणि पिठलं-भाकरी २ च्या आधी वाढू नका. हुरडा पोटात फुगतो. वर पाणी ढोसण्यापेक्षा ताक घ्या.

प्रश्न: तिळगुळाचे लाडू दगडासारखे होतात. आजोबांना चावत नाहीत. (नागपूर)

उत्तर: पाक पुढे गेलाय. २५० ग्रॅम तीळ, २५० ग्रॅम चिक्कीचा गूळ, १०० ग्रॅम दाण्याचं जाडसर कूट, १ मोठा चमचा तूप. गूळ-तूप मंद आचेवर वितळवा आणि फेस आल्यापासून दर अर्ध्या मिनिटाला पाकाचा थेंब गार पाण्यात टाका. मऊ गोळी झाली की लगेच गॅस बंद. थेंब वाटीत टण्ण वाजला तर तो चिक्कीचा पाक, त्याचे लाडू करूच नका, थापून वड्या पाडा. निम्मं निम्मं मिश्रण करा, कारण वळता वळता ते घट्ट होतं. झालंच तर कढई पुन्हा मंद आचेवर ठेवा.

आजोबांसाठी पाकच नको. भाजलेल्या तिळाचं कूट, दाण्याचं कूट आणि किसलेला साधा गूळ मिक्सरमधून एकत्र फिरवा. तेल सुटून आपोआप वळतं आणि तोंडात विरघळतं.

प्रश्न: सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू एकत्र करतो. वाण काय द्यावं? विधवा बायकांना बोलवावं की नाही यावर दर वर्षी वाद होतो. (कल्याण)

उत्तर: बोलवावं. सरसकट सगळ्यांना एकच निमंत्रण द्या आणि दारातच हळद-कुंकू, तिळगूळ, फूल असं तबक ठेवा. ज्याला जे घ्यायचं ते तो घेईल. कुणाला वेगळं विचारायला जाणं हाच अपमान असतो. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे सगळ्यांच्या घरी साठलेत. कापडी पिशवी, अर्धा किलो गूळ, तुळशीचं किंवा कढीपत्त्याचं रोप यांतलं काहीही चालेल. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे संक्रांतीच्याच दिवसाचा हट्ट सोडा आणि रविवार घ्या, नोकरी करणाऱ्याही येतील. वाणं मोजून आणू नका, निमंत्रितांपेक्षा १० जास्त ठेवा. कुणाच्या तरी घरी पाहुण्या आलेल्या असतातच.