इंग्रजांनी जमीन मोजून दिली, मग खेड्याचं नुकसान काय झालं?

तुमचा प्रश्न असा, की इंग्रजांनी रेल्वे दिली, कोर्टं दिली, जमीन मोजून दिली. मग वसाहतवादाचे परिणाम खेड्यात अजून आहेत असं म्हणणं म्हणजे आपला नाकर्तेपणा झाकणं नाही का? रेल्वे आणि कोर्टांवर दुसरं कोणी लिहील. ‘जमीन मोजून दिली’ हे वाक्य मी मोजणीच्या कामात नोकरीभर ऐकलं आणि दरवेळी त्यावर भांडलो, म्हणून तेवढंच घेतो.

मोजणी आपल्याकडे आधीपासून होती. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी करवलेल्या मोजणीत काठी पाच हात पाच मुठींची होती. इंग्रजांची पुणे जिल्ह्यातली पहिली मोजणी प्रिंगल या अधिकाऱ्याची, १८२०च्या दशकातली. खर्च वजा जाता पिकाचं जे उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब. तो हिशेब चुकला, सारा झेपेना आणि इंदापूर तालुक्यात लोकांनी जमिनी पडीक टाकल्या. मग १८३५-३६ मध्ये विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूरलाच नव्यानं सुरुवात केली. आजचा सातबारा त्या कामावर उभा आहे.

काम म्हणून ते उत्तम होतं, हे मी कोणासमोरही म्हणेन. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तो गुंठा. असे ४० म्हणजे एकर. प्रतबंदीत, म्हणजे मातीची प्रत ठरवताना, सर्व्हे नंबराचे (मोजून नंबर दिलेल्या जमिनीच्या तुकड्याचे) चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात मातीची खोली हातानं मोजायची. पावणेदोन हात खोल चांगली काळी असेल तर १६ आणे, म्हणजे पूर्ण प्रत. चुनखडी मिसळलेली, वाळू जास्त, उतार, पाणी साचतं, लोंढ्यानं माती जाते, असा एकेक दोष निघाला की एकेक प्रत खाली. एकूण नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. इतक्या बारकाईनं आज कोणी शेतात बसत नाही.

पण एवढ्या बारकाईत विचारलं काय? माती किती आण्यांची आणि सारा कोण भरणार. या शिवारात आणखी कोणाकोणाचा हक्क आहे, हे विचारलंच नाही. नंबर पाडला तो एका बैलजोडीच्या आवाक्याचा: हलक्या जिरायतीत साधारण २० एकर, भातात ४. त्याहून लहान तुकडे एका नंबरात कोंबले आणि साऱ्यासाठी एक खातेदार धरला. धाकटे भाऊ, विधवा, वाट्यानं कसणारे सगळे त्या नावाच्या आड गेले. कोणाचा हक्क काय हे लिहून ठेवायचा कायदा मुंबई इलाख्यात आला १९०३ मध्ये. मधली सदुसष्ट वर्षं जमिनीचा कागद म्हणजे सारावसुलीचा कागद होता.

त्या काळात काय झालं ते पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला विचारा. सारा नगदी भरायचा, पीक कसंही येवो. जमीन आता खातेदाराची, म्हणून ती गहाण टाकता येते, आणि सावकाराच्या हाती १८५९चा मुदतीचा कायदा. कर्जाचा दावा तीन वर्षांत लावायचा, म्हणून तीन वर्षं होत आली की व्याज मुद्दलात घालून कर्जखत नवं करून घ्यायचं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस चढला तेव्हा कर्ज सहज मिळालं. भाव पडले तोवर इंदापुरात ठरलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून सारा वाढलेला. १२ मे १८७५ला सुप्यात लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यांचा राग कागदावर होता, हे लक्षात घ्या.

आता आजचं. सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा, असं गावात सगळे धरून चालतात. महसूल संहितेचं कलम १५७ एवढंच सांगतं, की नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची. भावाभावांत वाटणी होते, फेरफारानं (हक्कबदलाच्या नोंदीनं) क्षेत्र आणि आकार, म्हणजे सारा, कागदावर फुटतो, पण पोटहिस्स्याची (नंबरातल्या वाट्याची) फाळणी मोजून कोणी करून घेत नाही. बांध एकीकडे, क्षेत्र दुसरीकडे. वर गुंठ्याचं आर करताना घोळ. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, एक आर म्हणजे १००. ‘गुंठा म्हणजेच आर’ असं धरून लिहिलं, तर पाच एकरांत सव्वादोन गुंठ्यांहून जास्त जमीन कागदावरून उडते, आणि शेजारी म्हणतो तुम्ही बांध कोरला.

म्हणून भांडण कोर्टात नेण्याआधी नुसता सातबारा घेऊन वकिलाकडे जाऊ नका. भूमि अभिलेख कार्यालयातून मूळ टिपण (मोजणीच्या वेळचं मापांचं रेखाटन), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब), आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याची यादी) आणि झाली असल्यास फाळणीची नक्कल काढा. तलाठ्याकडून मागचे सगळे फेरफार. सगळ्या पोटहिस्स्यांची बेरीज आकारबंदाशी जुळवा. जुळली नाही तर ज्या फेरफारापासून चूक सुरू झाली तो सापडेपर्यंत मागे जा, मगच मोजणीचा अर्ज करा. चुकीच्या क्षेत्रावर मोजणी आणली की मोजणीदार जाईल आणि भांडण दुप्पट होऊन राहील.

गटवारीचा, म्हणजे तुकडे एकत्र करून गट नंबर पाडण्याचा, घोळ मात्र इंग्रजांच्या माथी मारू नका. तो १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतरचा, आपला आहे. आणि मोजणीआधीचं गाव म्हणजे रामराज्य नव्हतं. वेठ होती, आणि ज्यांना शिवारात जमीनच नव्हती त्यांना मिरासदारी (जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क) गेल्याचं दुःख मी सांगणार नाही.

शेतरस्त्याचं राहिलं. गाव नकाशात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट. वहिवाटीनं बांधावरून जाणारे बाकीचे रस्ते नकाशावर आलेच नाहीत. असा चालू रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जा. सातवा महिना लागला की ती वाट बंद. मग उरतं महसूल संहितेचं कलम १४३, पण ते नव्या रस्त्यासाठी आणि नंबरांच्या हद्दीवरूनच. आणि हो, तो मामलेदारांचा कायदा १९०६चा आहे.