एक्स्कॅव्हेटरची चाचणी : कोणत्या पायरीवर, कशी?

प्रश्न : खुल्या कोळसा खाणीतील मोठा हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर माहितीपत्रकानुसार भरपूर ताकदीचा असतो, तरीही चिकट माती किंवा नीट न फुटलेला खडक लागला की त्याचे उत्पादन एकदम घसरते. अशा जागी त्याची चाचणी कशी घ्यावी?

उत्तर : माहितीपत्रकातील खोदण्याचा जोर आयएसओ ६०१५ सारख्या मानकानुसार, ठरावीक स्थितीत ठरवलेला असतो. बॅकहो (यंत्राकडे ओढून खोदणाऱ्या) बकेटची क्षमताही तिच्यावर १:१ उताराचा ढीग गृहीत धरून हिशेबाने काढलेली असते. प्रत्यक्ष पायरीवर, म्हणजे खाणीत जिन्यासारख्या कापलेल्या थरावर, बकेट किती भरेल, हे त्यातून कळत नाही.

समजा, एका फेरीला ३० सेकंद लागतात आणि बकेट ९० टक्के भरते. म्हणजे तासाला १२० फेऱ्यांत १०८ पूर्ण बकेटांइतका माल निघतो. मोठे दगड बाजूला सारण्यात फेरी ३६ सेकंदांवर गेली आणि बकेट ७० टक्केच भरू लागली, तर फेऱ्या १०० आणि माल ७० बकेटांइतकाच होतो. इंजिन आणि पंप ठणठणीत असूनही एक तृतीयांशाहून अधिक उत्पादन गेलेले असते. म्हणून खोदणे, भरलेली बकेट वळवणे, रिकामी करणे आणि परत येणे या चारही टप्प्यांची वेळ वेगवेगळी नोंदवावी. फक्त खोदण्याचा वेळ वाढला असेल, तर यंत्राला बोल लावण्यापूर्वी सुरुंगकाम तपासावे. वळण्याचा वेळ वाढला असेल, तर डंपर कुठे उभा राहतो आणि मऊ जमिनीत यंत्र कलले आहे का, ते पाहावे. डंपरची वाट पाहण्यात गेलेला वेळ या हिशेबात मुळीच मिसळू नये.

चिकट मातीत निव्वळ फेऱ्या मोजणे फसवे ठरते, कारण तळाला चिकटलेली माती बकेटबरोबर जाते आणि तशीच परत येते. तेथे डंपरचे वजन घ्यावे आणि पायरीचे आधीचे व नंतरचे सर्वेक्षण करून मूळ जागेतून किती घनमीटर माल निघाला ते काढावे. फुटलेला खडक फुगतो, त्यामुळे सुट्या मालाचे घनमीटर आणि मूळ घनमीटर एकाच तक्त्यात मिसळले की तुलना निरर्थक होते.

ही मोजमापे सर्वांत वाईट पायरीवर, वेगवेगळ्या ऑपरेटरांच्या पाळ्यांत घ्यावीत, असे माझे मत आहे. निवडक ऑपरेटर देऊन सोप्या जागी घेतलेली चाचणी विक्रेत्याच्याच उपयोगाची. इंधनाचा खर्च तासावर न मांडता टनावर मांडावा आणि बकेटच्या दातांची झीजही त्याच हिशेबात धरावी. बूम आणि स्टिक या यंत्राच्या हाताच्या दोन भागांच्या वेल्डिंगमधील थकव्याच्या (वारंवार ताण पडून येणाऱ्या) भेगा मात्र थोड्या दिवसांच्या चाचणीत सहसा उघड होत नाहीत. त्यासाठी ताणमापक बसवून ताणाची नोंद घ्यावी आणि ठरावीक कामाच्या तासांनंतर अल्ट्रासॉनिक तपासणी चालू ठेवावी.