कॉलेज बदलायची तयारी आणि अभ्यासाचा बर्नआउट एकाच वेळी आला, तर काय करावं?

तू लिहिलं आहेस की पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात जायचं ठरलंय, त्यासाठी या सत्राचे मार्क चांगले हवेत, आणि नेमकं आत्ताच पुस्तक उघडलं की डोळे पानावरून फिरतात पण डोक्यात काही शिरत नाही. अर्ज अर्धवट पडलेत. झोपून उठल्यावरही थकलेलीच असतेस. घरचे आणि मैत्रिणी म्हणतात, थोडेच महिने राहिलेत, दम धर. आणि तू विचारतेस, हे महिने रेटायचे कसे?

मी स्वतः शिकताना कॉलेज बदललं होतं आणि आता ट्रान्सफर घेणाऱ्या मुलामुलींना अर्जाच्या कामात मदत करते, म्हणून उत्तर देते आहे. वयाने बरीच मोठी आहे, तेव्हा 'तू' म्हटलेलं चालेल असं धरते.

रेटू नकोस, असं मी अगदी मनापासून सांगते. रेटून रेटूनच तू इथवर आली आहेस. आणखी रेटलंस तर मार्क वाढतील याची काही खात्री नाही, पण अर्ज पूर्ण करायला लागणारी उरलीसुरली ताकद मात्र नक्की संपेल. त्यापेक्षा दोन प्रश्न वेगळे कर. थकवा हा एक प्रश्न आहे आणि कॉलेज बदलणं हा दुसरा. 'इथून सुटले की सगळं नीट होईल' असं तू प्रश्नाच्या शेवटी लिहिलं आहेस, त्यात हे दोन्ही एक झालेत. मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटली.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. हा शब्द चर्चेत आला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञामुळे. व्यसनी रुग्णांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक हळूहळू कसे खचत जातात, ते त्याने पाहिलं आणि १९७४ मध्ये लिहिलं. म्हणजे ही अवस्था आळशी माणसांमध्ये सापडलेली नाही, सगळ्यात जास्त जीव ओतणाऱ्यांमध्ये सापडली. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लॅक यांनी तिचे तीन भाग सांगितले: शक्ती संपणं, कामाबद्दल मन उडून त्यापासून तुटल्यासारखं होणं, आणि 'मला काही जमतच नाही' असं वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला नोकरीतल्या दीर्घ ताणाशी जोडते आणि त्याला आजार म्हणत नाही. पण २००२ मध्ये स्पेन, पोर्तुगाल आणि नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला, तेव्हा हेच तीन भाग अभ्यासाच्या संदर्भात तपासले गेले.

कॉलेज बदलणाऱ्यांना यातला दुसरा भाग फार छळतो. आपण इथे का राहू नये याची कारणं तू रोज स्वतःला सांगत असतेस, कारण अर्जात तीच मांडायची आहेत. आणि त्याच वेळी, त्याच वर्गात बसून, त्याच विषयांत आयुष्यातले सगळ्यात चांगले मार्क मिळवायचे आहेत. मन ज्या जागेवरून उठलंय तिथे शरीराला रोज नेऊन बसवायचं. हे खरंच जड काम आहे, आणि ते तुला जड जातंय यात तुझ्यात काही कमी आहे असं अजिबात नाही.

आता एक कागद घे. मास्लॅक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउट जिथून येतो अशी सहा ठिकाणं सांगितली आहेत: कामाचा बोजा, आपल्या कामावर आपला ताबा असणं-नसणं, कष्टांची दखल, आजूबाजूची माणसं, न्यायाने वागवलं जाणं, आणि आपण करतो ते आपल्याला मोलाचं वाटणं. प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिही: सध्या तिथे काय दुखतंय, आणि नव्या कॉलेजात त्यातलं काय खरोखर बदलेल. दुसरा रकाना भरताना माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नकोस, तिथे शिकणाऱ्या कुणाशी तरी बोल. माझ्या बाबतीत हवे ते विषय न मिळणं आणि एकटेपणा ही दोन कारणं होती, आणि ती दोन्ही बदलली. बोजा मात्र नव्या ठिकाणी वाढलाच. तुझ्या कागदावर 'बोजा' हेच मोठं कारण निघालं, तर तो थकवा तुझ्याबरोबर नव्या कॉलेजात येणार आहे आणि त्यावरचा उपाय आत्ता, इथेच सुरू करावा लागेल. कारण माणसं किंवा विषय असतील, तर ट्रान्सफरचा निर्णय बरोबर आहे हे तुला कागदावर दिसेल. हे दिसण्यानेही थोडा जीव येतो.

मग या सत्राचं बघू. सगळ्या विषयांत सारखे मार्क हवेत, हे गृहीतक आधी तपासून बघ. तुला जिथे जायचंय त्या कॉलेजची ट्रान्सफरची अट नीट वाच. किमान सरासरी किती लागते? कोणते विषय पूर्ण असल्याशिवाय तुझ्या शाखेत प्रवेशच मिळत नाही? किती ग्रेडच्या खाली क्रेडिट धरले जात नाहीत? बहुतेक वेळा असं दिसतं की एक-दोन विषय फार महत्त्वाचे असतात, काहींत ठरावीक ग्रेडच्या वर राहिलं की पुरे असतं, आणि एखादा विषय तिकडे मोजलाच जाणार नसतो. आपली ताकद त्या हिशेबाने वाट. हुशार मुलींना हे सगळ्यात कठीण जातं हे मला माहीत आहे. 'पुरेसं' करून थांबणं त्यांना चोरीसारखं वाटतं. पण सध्या तुझ्याकडे ताकद मोजकी आहे आणि ती कुठे खर्च करायची हे तुलाच ठरवायचंय.

एखादा विषय सोडून देण्याचा विचार मनात असेल तर तो झटकून टाकू नकोस, पण सोडण्याआधी चौकशी कर. शेवटची तारीख कोणती, त्या तारखेनंतर सोडला तर मार्कशीटवर काय शेरा येतो, क्रेडिट कमी झाल्यामुळे शिष्यवृत्तीवर, शैक्षणिक कर्जावर, हॉस्टेलवर किंवा परदेशात असशील तर व्हिसावर परिणाम होतो का, आणि नव्या कॉलेजला लागणारे क्रेडिट तरीही पूर्ण होतात का. या प्रश्नांची उत्तरं तोंडी घेऊ नकोस, ईमेलवर घे. एक सत्र सुट्टी घेऊन मग अर्ज करता येईल का, किंवा प्रवेश मिळाल्यावर तो पुढे ढकलता येईल का, हेही दोन्हीकडे विचार. विचारल्याने काही बिघडत नाही, आणि हा पर्याय आहे एवढं कळलं तरी छातीवरचं ओझं उतरतं. ज्या विषयात मागे पडली आहेस तिथल्या सर-मॅडमना परीक्षेच्या तोंडावर गाठण्यापेक्षा आत्ता भेट. सगळी कहाणी सांगायची गरज नाही. 'सध्या तब्येतीमुळे मागे पडले आहे, सबमिशन कोणत्या क्रमाने करू?' एवढं पुरतं.

अभ्यास कसा करायचा? थकलेलं डोकं पुन्हा पुन्हा वाचत राहतं, कारण वाचायला कमी जोर लागतो आणि अभ्यास झाल्यासारखं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. म्हणून वेळ वाढवू नकोस, पद्धत बदल. वीस-पंचवीस मिनिटं वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, राहिलेलं बघून घे आणि ऊठ. दिवसातून अशा तीन बैठका नीट झाल्या तर तो चांगला दिवस समज. पाच तास टेबलाशी बसून रडण्यापेक्षा ते कितीतरी जास्त आहे.

अर्जाच्या कामाला वेगळी वेळ ठेव. त्यातली कामं दोन जातींची असतात. मार्कशीट मिळवणं, प्रत्येक विषयाचा सिलॅबस जपून ठेवणं (क्रेडिट मोजताना तो मागतात आणि नंतर मिळवणं त्रासाचं होतं), फॉर्मचे रकाने भरणं, तारखा लिहून काढणं, ही कामं डोकं चालत नसतानाही होतात. अभ्यास अजिबात होत नाही अशा संध्याकाळी ती कर. निबंध मात्र तुझ्या दिवसातल्या सगळ्यात ताज्या तासात लिही, मग तो अभ्यासाचा तास असला तरी. थकलेल्या रात्री लिहिलेल्या ट्रान्सफरच्या निबंधात तक्रारीच जास्त येतात. वाचणाऱ्याला तुझं जुनं कॉलेज किती वाईट होतं हे जाणून घ्यायचं नसतं, तुला काय शिकायचंय आणि ते तिथेच का, हे हवं असतं. सहा ठिकाणांच्या त्या कागदावर 'मोलाचं' या शब्दासमोर जे लिहिशील, निबंधाची सुरुवात बहुधा तिथेच सापडेल. शिफारसपत्र ज्यांच्याकडून हवंय त्यांना लवकर विचार आणि सोबत तुझ्या कामाबद्दल एक पानभर माहिती दे. त्यांचं काम सोपं होतं आणि पत्रही चांगलं येतं.

विश्रांतीबद्दल तू लिहिलं आहेस की सुट्टीच्या दिवशीही बरं वाटत नाही. त्या दिवशी तू काय करतेस? माझा अंदाज आहे की पलंगावर पडून फोन बघतेस आणि मधूनमधून अर्जाचं पोर्टल उघडतेस. सोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामाच्या थकव्यातून सावरण्याबद्दल चार गोष्टी मांडल्या: कामापासून मन सुटणं, शरीर सैल पडणं, कामाबाहेरचं काही शिकण्याचा आनंद, आणि तो वेळ कसा घालवायचा हे आपल्या हातात असणं. पोर्टल उघडत राहिलीस तर पहिलीच गोष्ट घडत नाही. निकालाचा ईमेल दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी बघ. आणि मार्क नसलेलं काहीतरी शीक. पोहणं, चित्रं काढणं, एखादं वाद्य, काहीही. 'मला काही जमतच नाही' हे मनातलं वाक्य अशा ठिकाणी हळूहळू खोटं पडायला लागतं.

रात्री डोक्यात कामं फिरत राहतात ना? झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर लिही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पुढची कामं लिहून झोपणारे लोक, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपी गेले. यादी जितकी नेमकी तितकं बरं: 'अर्ज' असं नको, 'अर्जाचा दुसरा भाग भरणं' असं लिही. आणि झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नकोस. शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. सतत थकवा आहे म्हणजे तो बर्नआउटच असेल असं नाही. अंगात रक्त कमी असणं, थायरॉइडचा त्रास, यानेही असंच वाटतं. डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घे. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच आनंद वाटत नसेल, अभ्यासाशी संबंध नसलेल्या गोष्टीतसुद्धा, भूक किंवा झोप बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे वेळापत्रक बदलून भागत नाही, उपचार लागतात आणि ते मिळाले की फरक पडतो. जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदा जरी आला, तर आजच, हे उत्तर वाचून झालं की लगेच, जवळच्या माणसाला सांग आणि डॉक्टरांना किंवा मदतीच्या हेल्पलाइनला फोन कर. अर्ज, मार्क, तारखा, सगळं त्यानंतर.

माणसांचंही बघ. जायचं ठरलं की मुली जुन्या कॉलेजात मैत्री करणं थांबवतात, कारण 'आता कशाला?' असं वाटतं. मग उरलेले महिने एकटीने काढावे लागतात, आणि एकटीने ते फार लांब होतात. वर्गातल्या निदान एका मैत्रिणीला खरं काय ते सांग. तिच्याबरोबर नुसतं शेजारी बसून आपापला अभ्यास केलास तरी पुरे. घरच्यांनाही 'दम धर' याऐवजी नक्की काय मदत हवी ते सांग. फॉर्म तपासून देणं, कागदपत्रं आणून देणं, संध्याकाळी मार्कांचा विषय न काढणं. बरेचदा त्यांना मदत करायची असते, काय करावं ते कळत नसतं.

प्रवेश मिळाला की पुढचंही आधीच ठरवून ठेव. ट्रान्सफर घेतलेल्या विद्यार्थ्यांचे मार्क पहिल्या सत्रात घसरतात, हे इतकं जुनं निरीक्षण आहे की १९६५ मध्येच हिल्स या संशोधकाने त्याला 'ट्रान्सफर शॉक' असं नाव दिलं. बऱ्याच जणांचे मार्क पुढे सावरतात. पण थकलेली तिथे पोचलीस आणि पहिल्याच सत्रात स्वतःला सिद्ध करायला सगळे कठीण विषय घेतलेस, तर हाच प्रश्न तुला पुन्हा विचारावा लागेल. पहिल्या सत्रात नियमाने चालेल तेवढेच कमी विषय घे आणि त्यात एक तरी तुला मनापासून आवडणारा ठेव. जुने कोणते क्रेडिट धरले गेले ते फी भरण्याआधी लेखी घे. आणि सत्र संपणं आणि नवं सुरू होणं यांमध्ये जेवढे दिवस मिळतील, ते नव्या कॉलेजच्या पूर्वतयारीला देऊ नकोस. ते झोपेचे आहेत.