तो फोन अजून वाजतोय म्हणतेस…

सिस्टर, तू लिहिलंयस की 2021 च्या एप्रिलमध्ये कोविड आयसीयूत नाइटला असताना, गेलेल्या पेशंटचं सामान पिशवीत भरून ठेवलं होतं आणि त्यातला मोबाइल वाजत राहिला, स्क्रीनवर 'आई', आणि तू तो उचलला नाहीस. आता घरी मायक्रोवेव्हची बीप झाली तरी छातीत धडधडतं, नाइट लागली की आदल्या दिवसापासून पोटात गोळा, नवरा म्हणतो किती वर्षं झाली, सोड आता.

अगं, उचलून काय सांगणार होतीस? ती बातमी डॉक्टरांनी द्यायची, आणि तू किटमध्ये, दोन-दोन ग्लोव्हज, गॉगलवर वाफ, बाकीचे मॉनिटर कोकलतायत. त्याच महिन्यात नाशिकला टाकीतून ऑक्सिजन गळला आणि वीसहून जास्त पेशंट गेले, बेड नाही, सिलिंडर नाही, स्टाफ नाही, तो सगळा हिशोब तू एकटीच्या नावावर का मांडतेस?

खरं सांगू, मार्च 2020 ला गॅलरीत उभं राहून मीपण थाळी वाजवली, आणि नंतर आमच्याच बिल्डिंगमधल्या नर्सला लोक लिफ्ट वापरू नका म्हणाले तेव्हा मी गप्प बसले. त्यामुळे 'कोविड योद्धा' वगैरे मला नको बोलायला लावूस.

तू सांगतेस त्याला पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, म्हणतात का, ते पत्रावरून मी ठरवणार नाही, पण अशा त्रासावर उपचार असतात आणि इतक्या वर्षांनीही लागू पडतात. आधी 14416 ला फोन लाव, टेली मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मग सायकियाट्रिस्टकडे जा, तुमच्या हॉस्पिटलमधला नको, स्टाफरूममध्ये चर्चा होईल ही तुझी भीती मला पटते. आणि झोपेसाठी मधूनमधून अर्धी अल्प्रॅक्स घेतेस असं जाता जाता लिहिलंयस ना, ते त्यांना पहिलं सांग, स्वतःच वाढवू नकोस आणि एकदम बंदही करू नकोस. जगणंच नको असं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच रात्री कुणालातरी उठवायचं.

नवऱ्याला ती फोनची गोष्ट सांगितलीयस का गं? मला वाटतं नाही, त्याला फक्त तुझी चिडचिड दिसतेय. सांग एकदा, सुट्टीच्या दिवशी, मुलं खाली खेळायला गेली की.

आणि मायक्रोवेव्हची बीप काही मॉडेल्समध्ये बंद करता येते, तोवर तेवढं बघ.

तुझी मावशी