मिड-इंजिन गाडीची बॉडी रुंद करायची असेल तर आखणी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजमध्ये नळ्यांच्या चौकटीवर दोन आसनांची गाडी बांधत आहात, टोयोटा एमआर२च्या दुसऱ्या पिढीचे टर्बो इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवले आहे, मागे २८५/३० आर१८ मापाचे, म्हणजे २८५ मिमी रुंद टायर आणि १५२० मिमी ट्रॅक आहे, विकत घेतलेली फायबरची बॉडी मात्र १७०० मिमीच रुंद आहे. मागचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे बॉडीचे भाग, प्रत्येक बाजूला पाच इंच बाहेर काढावेत का आणि ते कसे आखावेत, हे तुम्हाला हवे आहे. मी पुण्यात फायबरचे पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात ते मूळ नमुने) आणि साचे बनवण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो.

पाच इंच हा आकडा आधी बाजूला ठेवावा. रुंदी टायरवरून निघते आणि तिचा हिशेब दोन ओळींचा आहे. ट्रॅक म्हणजे दोन टायरांच्या मध्यांमधील अंतर, म्हणून गाडीच्या मध्यरेषेपासून टायरची बाहेरची बाजू ७६० अधिक १४२.५, म्हणजे ९०२.५ मिमीवर येते. एकाच लिखित मापाचे टायर प्रत्यक्षात कंपनीगणिक काही मिमी कमीजास्त रुंद असतात, त्यासाठी पाचेक मिमी धरा. टायर आणि बॉडी यांच्यात १५ मिमी मोकळी जागा आणि फायबरची ३ मिमी जाडी जमेस धरली की आपण साधारण ९२५ मिमीवर पोचतो. तुमची बॉडी सध्या मध्यरेषेपासून ८५० मिमीवर संपते. म्हणजे गरज प्रत्येक बाजूला ७५ मिमीची, तीन इंचांची आहे. पाच इंच काढलेत तर टायर फेंडरच्या कमानीच्या आत दोन इंच बुडालेला दिसेल, आणि मग ती फट भरण्यासाठी स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावण्याचा मोह होईल. तो टाळावा, स्पेसरमुळे चाक बेअरिंगपासून दूर जाते, बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि पुढच्या चाकांना लावल्यास रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा स्टीअरिंगमध्ये येतो.

हा हिशेब गाडी स्थिर उभी असतानाचा झाला. चाक वरखाली होताना कुठे कुठे पोचते, ते प्रत्यक्ष मोजल्याशिवाय एकही रेघ ओढू नये. स्प्रिंग काढून डँपरच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) जागी लांबी कमीजास्त करता येईल असा दांडा बसवा, बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबर) पूर्ण दबलेला असताना चाक जितके वर जाते तितके ते जॅकने उचला, आणि दर १० मिमीला टायरच्या वरच्या बाहेरील कडेची जागा ओळंब्याने जमिनीवर उतरवून घ्या. चाकाला चौकटीशी जोडणारा खालचा आर्म बाहेरच्या टोकाला उतरता असेल तर तो आडवा होईपर्यंत चाक थोडे बाहेर सरकते. त्याउलट कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा कल, वाढत असल्याने टायरचा वरचा भाग आत झुकतो. बहुतेक डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक आर्म असलेल्या) गाड्यांमध्ये या दोन हालचाली एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात, म्हणून कमानीचा माथा अक्षाच्या पातळीवरील कडेपेक्षा किंचित आत घेता येतो. फेंडरचा छेद वरून आत वळलेला असला की तो सुजल्यासारखा दिसत नाही, हा त्याचा आयता फायदा. पुढच्या चाकांसाठी हीच मोजणी स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून करावी लागते, कारण तिथे टायरचा मागचा कोपराच आधी घासतो.

आता आकाराकडे येऊ. या बाबतीत दोन घराणी आहेत आणि दोन्हींची उत्तम उदाहरणे एकाच कारखान्यातली आहेत. लॅम्बोर्गिनीने १९७१ साली मिउरा एसव्ही आणली तेव्हा रुंद टायरांसाठी मागचे फेंडर मूळ पत्र्यातच फुगवले. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. १९७८च्या काउन्टाश एलपी४०० एसवर मात्र ३४५/३५ आर१५ मापाचे पिरेली पी७ टायर झाकण्यासाठी फायबरच्या वेगळ्या कमानी बाहेरून जोडल्या, आणि त्या जोडलेल्या आहेत हे लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. दोन्ही गाड्यांची मूळ रेखाटने बेर्तोने या डिझाइन कंपनीत असताना मार्चेल्लो गांदिनी यांनी केलेली होती. जोडकमान करायला सोपी असते आणि फुटली तर एकटी बदलता येते. तरी तुमच्या गाडीसाठी मी एकसंध फेंडरच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण दिसण्यापेक्षा हवेत आहे.

मिड-इंजिन गाडीचा खरा कस दाराची मागची कड आणि मागचे चाक यांच्यामधल्या हातभर जागेत लागतो. इंजिनाला श्वास, इंटरकूलरला (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) वारा आणि इंजिनाच्या कप्प्यातील उष्णतेला वाट, हे सगळे तिथूनच द्यायचे असते. रेनॉने १९८० साली साध्या रेनॉ ५ मधील १.४ लिटरचे इंजिन टर्बो लावून पुढच्या आसनांच्या मागे ठेवले, तेव्हा मागचे फेंडर रुंद करताना त्यांच्या पुढच्या तोंडातच हवेची द्वारे काढली. रुंदी आणि श्वास दोन्ही एकाच आकारात बसले. १९८४ची फेरारी टेस्टारोसा याच्याही पुढे गेली. तिचे रेडिएटर नाकातून काढून दारांच्या मागे दोन्ही बाजूंना ठेवले, त्यामुळे गाडीची रुंदी १९७६ मिमी झाली, आणि दारांवरच्या त्या प्रसिद्ध पट्ट्या या द्वारांसमोर आल्या. ती गाडी मागून इतकी रुंद का, याचे उत्तर टायरांइतकेच रेडिएटरांमध्येही आहे.

तुमच्या बाबतीत ७५ मिमीचा खांदा, म्हणजे फेंडरचा बाहेर आलेला भाग, हे मोठेच सुदैव म्हणायचे. बॉडीला चिकटून वाहणारा हवेचा संथ थर नाकापासून अडीच मीटर मागे, ताशी १६० किमी वेगाला, गुळगुळीत पृष्ठभागावरही सुमारे ४० मिमी जाड झालेला असतो, आणि पुढच्या चाकाने घुसळलेली हवा त्यात भर घालते. बाजूच्या सपाट पत्र्यात नुसते भोक पाडले तर त्याच्या वाट्याला हीच मरगळलेली हवा येते. खांद्याच्या तोंडातले द्वार मात्र या थराच्या बाहेर डोकावते. दाराच्या पातळीपासून पहिले २५ मिमी बंद ठेवून संथ हवेला वर-खाली निसटू द्या आणि पुढच्या ५० मिमीत द्वार काढा. उंची ३०० मिमी मिळाली तर एका बाजूला १५० चौरस सेंमी तोंड होते. साध्या गाडीसाठी द्वाराचे क्षेत्रफळ कोअरच्या (इंटरकूलरच्या जाळीदार गाभ्याच्या) पाव ते एक तृतीयांश असावे असा ढोबळ नियम आहे, त्या हिशेबाने हे तोंड ३०० बाय २०० मिमीच्या इंटरकूलरला पुरते. तोंडापासून कोअरपर्यंतची नळी हळूहळू रुंदावत न्यावी आणि कोअरच्या चारही कडांना स्पंजची पट्टी लावून बंद करावी, कारण हवा कायम सोपी वाट शोधते आणि कडेने पळते. शिवाय आत आलेल्या हवेला बाहेर पडायला आणखी मोठी वाट हवी. गाडीच्या पाठीमागे, नंबर प्लेटच्या आजूबाजूला दाब कमी असतो. तो भाग जाळीचा ठेवा. हौशी गाड्यांमध्ये ऐटदार द्वारे असतात आणि निकास मुळीच नसतो, हे इतके सर्रास दिसते की मी आता गाडी पाहायला गेलो की आधी मागे जाऊन पाहतो.

रुंदीमुळे वाऱ्याचा विरोध किती वाढेल, ही तुमची दुसरी काळजी. अर्धा मीटर उंचीचे आणि ७५ मिमीचे दोन खांदे म्हणजे ०.०७५ चौरस मीटर; अशा बुटक्या गाडीचे समोरचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरले तर वाढ जेमतेम चार टक्के. विरोधाचा गुणांक ०.३५ मानल्यास १६० किमी वेगाला हवा कापायला ३३ किलोवॅट लागतात, त्यात सव्वा-दीड किलोवॅटची भर पडेल. ही किंमत क्षुल्लक आहे. महाग पडतो तो फेंडरचा बिघडलेला शेवट. चाकाच्या मागे पृष्ठभाग गोल वळवून आत नेला तर हवा कुठे सुटावी हे ठरत नाही आणि मागे भोवरे लोंबत राहतात. त्याऐवजी फेंडर हळूहळू आत निमुळता करून स्पष्ट धारेवर संपवावा. पुढच्या चाकाच्या कमानीत दाब साठून नाक हलके होते, म्हणून तिथे कमानीचा मागचा भाग थोडा कापून हवेला वाट द्यावी. गाडी चालती झाली की लोकरीचे बोटभर धागे टेपने चिकटवून बंद धावपट्टीवर शेजारच्या गाडीतून व्हिडिओ काढा. धागा शांतपणे मागे वाहत असेल तर हवा चिकटलेली आहे. तो फडफडत किंवा पुढे वळत असेल तर तिथला आकार चुकला आहे.

पृष्ठभाग आखताना दर १०० मिमीला एक आडवा छेद घ्या, त्याचे सहा मिमी प्लायचे फर्मे कापा आणि ते चौकटीवर उभे करून लाकडाची लवचीक पट्टी त्यांच्यावरून वाकवून पाहा. पट्टी जिथे फर्म्यापासून उचलली जाते किंवा जबरीने दाबावी लागते तिथे रेषा तुटलेली असते. खांद्याची सुरुवात द्वाराच्या तोंडाशी एकदम करू नये. दाराच्या मधोमध बॉडी किंचित आत घेतली तर फुगवटा कमी वाटतो आणि द्वाराला हवाही बरी मिळते. पुढचे फेंडरही थोडे, वीस-पंचवीस मिमी, बाहेर काढा, नाहीतर गाडी मागून एका गाडीची आणि पुढून दुसऱ्या गाडीची वाटेल. आरसे त्याच प्रमाणात बाहेर न्यावे लागतील, कारण आजच्या जागेवरून त्यांत गाडीचाच खांदा दिसेल.

पॅटर्नसाठी पीयू (पॉलियुरेथेन) फोम वापरा. थर्माकोल स्वस्त म्हणून घेतला आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतले की त्यातील स्टायरीनने तो डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. थर्माकोलच वापरायचा असेल तर त्यावर इपॉक्सी हवे. फोमवर फायबरचा एक थर, त्यावर पुट्टी, मग लांब फळीला पॉलिश पेपर लावून तिरकस घासणे, असा क्रम असतो. हाताच्या पंजाने घासलेला पृष्ठभाग नेहमी लाटालाटांचा होतो. प्रायमर मारल्यावर तो पाण्याने ओला करून ट्यूबलाइटच्या रांगेखाली पाहा: प्रकाशाची रेघ फेंडरवरून एकसलग धावली पाहिजे, ती कुठे दचकली तर तिथे उंचवटा किंवा खळगा आहे. बोटांना जे कळत नाही ते या रेघेत लगेच कळते. एक बाजू पूर्ण झाल्यावरच तिचे फर्मे उलटवून दुसरी करावी; दोन्ही बाजू एकदम करायला घेतल्या की त्या सारख्या होत नाहीत.

साच्यातून फेंडर काढताना कमानीची आत वळलेली कड अडकते, म्हणून साचा दोन तुकड्यांचा करून फ्लँजवर (कडेच्या उभ्या पट्टीवर) बोल्टने जोडा. ती कड २५ मिमी ठेवा. तिच्याविना तीन मिमीचा फायबर वेगात थरथरतो. ४५०च्या मॅटचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या काचतंतूंच्या चटईचा) एक थर साधारण एक मिमी होतो, तेव्हा तीन थर पुरे. रेझिन घट्ट करणारा हार्डनर आणि ती क्रिया वेगवान करणारा कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालायचा. साधे पॉलिएस्टर ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून टर्बो आणि सायलेन्सर यांच्या बाजूला ॲल्युमिनियमचे कवच हवे आणि कवच व बॉडी यांच्यात हवा खेळती हवी.

तुमच्याकडे गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल ही तपासणी होते आणि तिच्या दोन अटी थेट या कामाला लागू पडतात. चाकाच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी बॉडीने झाकलेली असावी लागते. पुढच्या कमानीचा मागचा भाग कापताना हे ५० अंश सांभाळा. शिवाय बाहेरच्या ज्या कडांना स्पर्श होऊ शकतो त्यांची गोलाई किमान २.५ मिमी लागते. द्वाराचे ओठ आणि फेंडरची शेवटची धार पॅटर्नवरच तेवढी गोल करून ठेवा. हवेच्या दृष्टीने एवढी धार पुरेशी तीक्ष्ण असते. भारतात राहून हे उत्तर वाचणाऱ्यांसाठी एवढेच, की मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल पाहता नोंदणी झालेल्या गाडीचा मूळ घाट असा बदलून ती रस्त्यावर चालवता येणार नाही.

रंग झाल्यावर मागच्या खांद्याच्या पुढच्या तोंडावर पारदर्शक जाड फिल्म लावून घ्या. पुढचे टायर उडवतात ते खडे नेमके तिथेच बसतात, आणि फायबरचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रेझिनचा थर, पत्र्यासारखा पिचकत नाही, त्याचा टवका उडतो.