मास्टर शॉटमध्येच सगळं रडून टाकू नका

तुमची पोस्ट कालपासून डोक्यातून जात नाहीये. नाटकातून आलात, पहिलाच चित्रपट, कर्जापायी नवरा गेलेल्या बाईची भूमिका, आणि दिग्दर्शक प्रत्येक तालमीला ‘नाटकी होतंय’ एवढंच म्हणतात. माझी पहिली भूमिका आजारी मुलाच्या आईची होती आणि हेच वाक्य मी महिनाभर ऐकलं.

आवाज खाली आणा, हातवारे कमी करा, हे सगळ्यांनी सांगितलं असेलच. मला जे महागात पडलं तेवढं सांगते.

डॉक्टर निदान सांगतात तो माझा मोठा सीन. सकाळी आधी मास्टर, म्हणजे पूर्ण खोलीचा शॉट; तोच सीन नंतर जवळून पुन्हा घेतात. कॅमेरा इतका लांब की माझा चेहरा नीट दिसणारही नव्हता. ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिसरी घंटा झाली की असेल नसेल ते ओतायचं, हीच सवय. ओतलं. लाइटवाले दादासुद्धा गप्प झाले. मग डॉक्टरांचे शॉट झाले, जेवण झालं, लाइट बदलण्यात दीड तास गेला. चार वाजता कॅमेरा माझ्या तोंडासमोर आला तेव्हा आत काही उरलंच नव्हतं. नऊ टेक झाले. मग पाणी यावं म्हणून डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. डोळे लाल, चेहरा कोरा. त्यात सकाळी फाइल कुठल्या शब्दावर खाली ठेवली ते आठवेना, कंटिन्युटीवाली, म्हणजे आधीच्या शॉटशी सगळं जुळतंय का बघणारी मुलगी दर टेकला थांबवायची. पडद्यावर त्या सीनमध्ये डॉक्टरांचा चेहरा आहे आणि माझी पाठ.

म्हणून सेटवर गेल्या गेल्या सहायक दिग्दर्शकाला विचारा, आज शॉट कुठल्या क्रमाने आहेत? मास्टरला हालचाली पक्क्या करा, बाकीचं क्लोजसाठी, म्हणजे चेहऱ्याच्या जवळच्या शॉटसाठी राखून ठेवा. (अख्खा सीन एकाच शॉटमध्ये घेणारे दिग्दर्शक असतील तर हे लागू नाही. मी कुठे शिकलेली नाही, चार चित्रपटांच्या अनुभवावर बोलतेय.)

आणि पूर्ण पटकथा मागाच. मला निर्मात्यांच्या ऑफिसातून फक्त माझ्या सीनची पानं आली. तीनदा फोन केला, ‘तुमचं काम तेवढंच आहे ना मॅडम?’ चित्रपट पाहताना कळलं, आधीच्या एका सीनमध्ये दीर म्हणतो, ‘वहिनीला सगळं कळलंय, ती बोलत नाही एवढंच.’ म्हणजे ती बाई धक्का खाणारी नव्हतीच! कळलेलं लपवून बसलेली होती. याचा राग अजून जात नाही. तीन ओळींची माहिती होती हो.

‘श्वास’ (२००४) पुन्हा बघा. नातवाची दृष्टी जाणार हे अरुण नलावडेंच्या आजोबांना ठाऊक आहे आणि तरी ते पोराला घेऊन शहर दाखवत फिरतात. आपण रडतो ते त्यांच्या त्या फिरवण्यामुळे. ‘फँड्री’त डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि किशोर कदमांचा कचरू घरच्यांसह जागच्या जागी उभा राहतो. नुसता उभा. ‘कोर्ट’मधल्या गीतांजली कुलकर्णी तर तुमच्या-माझ्यासारख्याच रंगभूमीच्या. सरकारी वकील म्हणून कलमं वाचताना आवाजात जराही चढ-उतार नाही. माझं मत असं की गंभीर चित्रपटात नटाने आधी रडून घेतलं तर प्रेक्षकाला काही उरत नाही. कुणाला पटणार नाही, चालेल.

पुढच्या भूमिकेआधी मी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात चार दिवस बसले. तिथल्या आया रडत नव्हत्या. केसपेपर सापडत नाही म्हणून पिशवी उपसत होत्या, झेरॉक्स कुठे मिळेल विचारत होत्या. एकीने औषधाची चिठ्ठी घडी घालून मंगळसूत्राच्या वाटीमागे ब्लाउजमध्ये सरकवली आणि पदर नीट केला. ते मी तसंच्या तसं वापरलं. तुमची बाई तहसीलला जाते तेव्हा सातबारा कशात ठेवते? ते दिग्दर्शकांशी बोलून ठरवा, आणि तालमीला तीच पिशवी घेऊन जा.

ग्लिसरीन लावायची वेळ आलीच तर कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा.